नसलेल्या बाळाचं रडणं

"मॅडम, आमच्या घरात बाळ रडतं," महेश म्हणाला. "आणि आमच्या घरात बाळ नाही."

सकाळची ओपीडी संपत आली होती. महेश हा माझ्या पेशंटचा नवरा. देवबागला त्याची बोट आहे, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो. एरवी तो बायकोला घेऊन यायचा आणि बाहेर बसून राहायचा. त्या दिवशी एकटाच आला होता आणि खुर्चीच्या टोकावर बसला होता.

"कोणी ऐकलं?" मी विचारलं.

"शेजारी अनसूयावहिनींचा होमस्टे आहे. त्यांच्याकडे उतरलेल्या पाहुण्यांनी. दुपारी जेवून आडवे झाले की रडणं सुरू. त्यांनी वहिनींना विचारलं, शेजारचं बाळ आजारी आहे का? वहिनी म्हणाल्या, शेजारी बाळच नाही. ते गेले, दुसरे आले. त्यांनीपण तेच विचारलं."

"तू ऐकलंस?"

इथवर महेश शुद्ध बोलत होता. आमच्याकडे दवाखान्यात सगळे तसंच बोलतात. आता तो घसरला.

"आयकलंय. एकदाच. वारो होतो, बोट बंद होती, म्हणान घराक होतंय. धावत आत गेलंय तर आवाज बंद. स्नेहल कुशीर निजलेली. माकाच विचारता, काय झाला?"

"आणि आई?"

"आवस कायच बोलत नाय. दुपार झाली की समुद्राच्या बाजूक जाऊन बसता." तो थोडा पुढे सरकला. "माका खरा काय तां सांगा. हिच्या डोक्यात परत काय सुरू झाला, की घरातच काय आसा?"

"पाहुण्यांना ऐकू आलं ना? म्हणजे ते तिच्या डोक्यात नाही," मी म्हणाले.

त्याला धीर द्यायला बोलले खरी, पण वाक्य पूर्ण होता होता माझ्याच अंगावर काटा आला. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. भास हा माझा रोजचा विषय. भास एकाच माणसाला होतो. तो भिंतीपलीकडच्या अनोळखी पाहुण्यांना होत नाही.

इथे थोडं मागचं सांगायला हवं.

स्नेहलचं माहेर नांदगावचं. बी.कॉम. झालेली, हुशार, कमी बोलणारी. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिला डिप्रेशनचा मोठा अॅटॅक आला. डिप्रेशन म्हणजे उदास वाटणं, असं लोकांना वाटतं. मोठ्या डिप्रेशनमध्ये माणूस उदाससुद्धा राहत नाही. जेवण सुटतं, झोप सुटते, बोलणं सुटतं. पुढे कधी कधी कानात आवाज येतात. स्नेहलला खाडीकडून कोणीतरी नावाने हाक मारतंय असं ऐकू यायचं. एका संध्याकाळी ती त्या हाकेच्या मागे गळाभर पाण्यात गेली. महेशचे मित्र बोट नांगरत होते, त्यांनी ओढून काढली. मग तिला माझ्याकडे आणलं.

मी तिला सर्ट्रालीन सुरू केली. हे डिप्रेशनवरचं नेहमीचं औषध, अँटीडिप्रेसंट. ते नशेचं औषध नाही आणि झोपेचंही नाही. मेंदूतल्या एका रसायनाचं काम सावकाश पूर्ववत होतं. पहिले काही आठवडे काहीच फरक दिसत नाही. मग एक दिवस पेशंट आपणहून चहा करतो. स्नेहलही तशीच हळूहळू वर आली. हाका बंद झाल्या. बोटीच्या बुकिंगचे फोन ती घ्यायला लागली.

मग तिला दिवस गेले. दोघं ताबडतोब आले, गोळीचं काय करायचं ते विचारायला.

हा प्रश्न दर महिन्याला कोणीतरी विचारतंच आणि त्याचं उत्तर सरळ नाही. गोळी आईच्या रक्तातून बाळापर्यंत थोडी पोचते. बहुतेक बाळांना काही होत नाही. काहींना जन्मानंतर पहिले दोन-चार दिवस त्रास होतो. आत असताना मिळणारं औषध नाळ कापल्यावर एकदम बंद होतं, बाळाच्या शरीराला त्याची सवय मोडावी लागते. हातपाय थरथरतात. रडणं तीव्र असतं. दूध नीट ओढत नाहीत, श्वास जरा जलद होतो. आम्ही याला अॅडॅप्टेशन सिंड्रोम म्हणतो, म्हणजे जुळवून घेण्याचा काळ. बहुधा हे आपोआप जातं. क्वचित श्वासाचा गंभीर त्रास होतो, म्हणून बाळंतपण बालरोगतज्ज्ञ असलेल्या हॉस्पिटलात हवं आणि घाईने घरी जायचं नाही.

दुसऱ्या बाजूला होतं तिचं डिप्रेशन. गळाभर पाण्यापर्यंत गेलेल्या बाईचं औषध काढलं तर काय होईल, ते मला माहीत होतं. आम्ही तिघांनी मिळून गोळी चालू ठेवायचं ठरवलं. हे सगळं मी स्नेहलला नीट सांगितलं होतं. तिने मान डोलावली होती. पाचव्या महिन्यात ती फॉलोअपला आली तेव्हा छान दिसत होती. नंतर आली नाही. प्रवासाने पाय सुजतात, असं सांगून महेशच गोळ्या घेऊन जायचा.

"गोळ्या घेते ना?" मी आता त्याला विचारलं.

"घेते. पाकिटं रिकामी होतात," महेश म्हणाला.

"गिळताना तू बघतोस?"

"मी बोटीर असतंय," तो म्हणाला.

"उद्या तिला घेऊन ये."

"येत नाय ती. घरातून भायरच पडत नाय. मागच्या खोलयेत असता."

दुसऱ्या दिवशी माझी मालवणला ओपीडी होती. ती आटोपून मी देवबागला येते, असं म्हटलं. मानसोपचारतज्ज्ञ सहसा घरी जात नाहीत. पण पेशंट उंबऱ्याबाहेर पडेनासा झाला, की जावं लागतं.

देवबाग म्हणजे वाळूची एक लांब पट्टी. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्लीची खाडी, मधे माडांखाली घरं. सीझन होता, पण ती दुपारची वेळ होती. बोटी बाहेर गेलेल्या, पर्यटक जेवून पडलेले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. महेशच्या घराच्या कुंपणाशी अनसूया माझी वाट बघत उभी होती. तिने बोट ओठांवर ठेवलं आणि मला माडाच्या सावलीत ओढलं.

"आता सुरू जातला, बाई," ती पुटपुटली. "ह्याच टायमाक."

आम्ही थांबलो. समुद्राच्या बाजूला, सुरूच्या झाडांखाली, एक म्हातारी बाई घराकडे पाठ करून बसलेली दिसत होती. महेशची आई, सुमतीकाकी. ती हलत नव्हती.

आणि ते सुरू झालं.

तान्ही बाळं मी खूप ऐकली आहेत. इंटर्नशिप केली आहे, माझी स्वतःची दोन आहेत. हे रडणं तसं नव्हतं. फार बारीक आणि फार वरच्या पट्टीतलं. भूक नाही, राग नाही. तार ताणत न्यावी तसा आवाज वर जायचा, तिथे थरथरायचा आणि एकदम तुटायचा. मग एक उचकी. मग पुन्हा. अनसूयेने माझा दंड घट्ट धरला होता.

"पोर मरणाचा रडता आणि कोण घेणा नाय तेका," ती म्हणाली.

मी ऐकत राहिले. काहीतरी खटकत होतं आणि ते लक्षात यायला वेळ लागला. ती उचकी. दर वेळी त्याच जागी येत होती. आवाज चढायचा, थरथरायचा, तुटायचा, उचकी, थोडी शांतता, आणि पुन्हा सुरुवातीपासून तेच. कुठलंही मूल दोनदा तंतोतंत सारखं रडत नाही.

मी अनसूयेला तिथेच थांबवलं, चपला काढल्या आणि आवाज न करता आत गेले. माजघर ओलांडलं. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

स्नेहल जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. पोट मोठं, हात काटकीसारखे. केस नीट विंचरलेले, अंबाडा घातलेला. समोर बाळासाठी आणलेली वेताची नवीकोरी टोपली होती. टोपलीत घडी घातलेलं दुपटं आणि दुपट्यात तिचा मोबाइल. रडणं त्यातून येत होतं.

तिने मला बघितलं. दचकली नाही. हात वर करून थांबायची खूण केली.

"एक मिनिट, मॅडम. आता हात थरथरतात. ते बघून घेते."

मी तिच्याशेजारी खाली बसले. स्क्रीनवर एक परदेशी हॉस्पिटल होतं. काचेच्या पेटीत उघडं बाळ, हातपाय थडथडत होते, हनुवटी कापत होती, आणि ते रडत होतं. कोणीतरी नुसतं शूट करत होतं. व्हिडिओ संपला आणि आपोआप पुन्हा सुरू झाला.

"हे कुठून मिळालं?"

"ग्रुपवर आलं होतं. गरोदर बायांचा ग्रुप आहे. मी गोळीबद्दल विचारलं होतं. एकीने हे टाकलं. म्हणाली, गोळी खाणारीची बाळं अशी होतात." ती शांतपणे सांगत होती. "तुम्ही म्हणाला होतात, रडणं वेगळं असतं. वेगळं म्हणजे कसं, ते मला माहीत नव्हतं. माझं झालं आणि मला कळलंच नाही तर? म्हणून पाठ करते."

"गोळी कधी बंद केलीस?"

"हे बघितलं त्याच दिवशी. रोज एक काढून मागच्या खिडकीतून खाडीत टाकते. महेशला पाकीट रिकामं दिसायला हवं ना."

"मग आता बाळाच्या अंगात औषध नाही. हे बघायची गरज काय?"

"आधीचं आहेच ना आत." तिने पोटावर हात ठेवला. "ते आत रडतं, मॅडम. आधी फोन लावल्यावर ऐकू यायचं. आता फोन बंद केला तरी येतं. असंच. उचकीसकट."

बाहेरच्यांना ऐकू येत होतं ते रडणं फोनचं होतं, त्याचा उलगडा झाला. पण हे दुसरं रडणं खरोखर फक्त तिलाच ऐकू येत होतं. हा रिलॅप्स होता, म्हणजे आजार उलटला होता.

अशा वेळी आम्ही आडवळणाने विचारत नाही. सरळ विचारतो. सरळ विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन विचार येत नाही.

"स्नेहल, जीव द्यावासा वाटतो?"

"नाही." ती जवळजवळ हसली. "मला मरायचं नाही. त्याला फक्त शांत करायचंय. पाण्यात गेलं की आवाज येत नाही. तेव्हा नव्हता आला. खाली सगळं गप होतं." आणि मग, बाजाराचा दिवस सांगावा तसं, ती म्हणाली, "आज भरती संध्याकाळी आहे."

मी मोबाइल उचलून बंद केला आणि माझ्या पर्समध्ये टाकला. तिने अडवलं नाही. मी तिचा हात धरला आणि तो सोडला नाही. दुसऱ्या हाताने महेशला फोन केला, असशील तिथून बोट वळव म्हणून सांगितलं. अनसूयेला हाक मारून स्नेहलजवळ बसवलं. एक मिनिटसुद्धा एकटी सोडायची नाही, बाथरूमलासुद्धा.

मग मी सुमतीकाकींकडे गेले. तासन्‌तास त्या आवाजाकडे पाठ करून बसलेली बाई काय जाणून आहे, ते मला समजून घ्यायचं होतं.

"काकी, तुम्हाला रडणं ऐकू येत होतं?"

"येय होता." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"मग आत का गेला नाहीत?"

त्या बराच वेळ वाळूत बोट फिरवत राहिल्या. "माझो पयलो झील बारश्याआधी गेलो. असोच रडायचो. बारीक. माका वाटला, तोच इलो. सून गरोदर आसा, म्हणान इलो. आत गेलंय की आवाज बंद जाय. म्हणान मी हयसर बसाक लागलंय. हयसरसून आयकाक येता."

त्या भीतीने बाहेर बसत नव्हत्या. आपल्या गेलेल्या मुलाला घालवू नये म्हणून बसत होत्या.

मी त्यांना फोनचं सांगितलं. दुसरं काही सांगणं शक्य नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं. "फोन," त्या म्हणाल्या. नंतर पदराने तोंड पुसलं, उठल्या आणि सुनेचे कपडे भरायला घरात गेल्या.

महेश धापा टाकत आला. मी त्याला अंगणातच गाठलं.

"फोन? नुसतो फोन?" तो हसायलाच लागला. सुटकेचं हसू होतं ते. भूत नाही, वाडीत तोंड दाखवायला जागा आहे. मग मी त्याला भरतीचं सांगितलं. त्याचं हसू थांबलं आणि तो आत धावला.

त्याच संध्याकाळी स्नेहलला कणकवलीतल्या माझ्या ओपीडीच्याच हॉस्पिटलात अॅडमिट केलं. गायनॅकने तपासलं. बाळ ठीक होतं, वजन जरा कमी होतं. आई जेवत नव्हती, झोपत नव्हती, त्याचा हिशेब बाळाच्या वजनात दिसतो. गोळी न घेणं म्हणजे काहीच न होणं, असं नसतं.

आता खरा प्रश्न. हॉस्पिटलचे बालरोगतज्ज्ञ निखिल माझ्यापेक्षा बरेच लहान, पण कामाला चोख. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, आठव्या महिन्यात परत सुरू करणार?"

"हो."

"बाळाला थरथर वगैरे होते ती शेवटच्या महिन्यांत औषध चालू असेल तर. आता बंद आहे. बंदच राहिली तर बाळ त्या त्रासातून सुटेल. आणि तिला भीती नेमकी त्याचीच आहे. आपण तिची भीती खरी करतोय."

त्यांचं म्हणणं पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. मी म्हटलं, "निखिल, थरथर तुम्हाला सांभाळता येईल. तुमच्याकडे वॉर्मर आहे, मॉनिटर आहे, सिस्टर आहेत. ती पाण्यात गेली तर मला काहीच सांभाळता येणार नाही. बाळही तिच्यासोबतच जाईल."

त्यांनी तिचा केसपेपर काढून त्यावर नोंद केली. मग म्हणाले, "ठीक आहे. जन्मल्यापासून माझ्या नजरेखाली ठेवू."

महेश जास्त कठीण होता. "परत तीच गोळी? तेच्यातसून तर हां सगळा झाला!"

"गोळी बंद केल्यामुळे झालं, महेश. घेतल्यामुळे नाही."

"आणि पोर तसा रडला तर?"

"रडू शकतं. काही दिवस. रडणारच नाही, असं मी सांगत नाही."

सही त्यानेच करायची होती, पण गिळायचं स्नेहलला होतं. ती दोन दिवस तोंड उघडेना. अनसूयेने आणलेली पेजसुद्धा तशीच पडून. तिसऱ्या दिवशी निखिल तिच्या खाटेजवळ आले आणि म्हणाले, "तुम्ही इतके दिवस एकाच बाळाचं रडणं ऐकताय. माझ्याकडे चार आहेत. ऐकायला येणार?"

ही कल्पना त्यांची, माझी नाही. ते तिला प्रसूतीच्या वॉर्डात घेऊन गेले, मी सोबत होते. एक बाळ भुकेने कोकलत होतं. एकाला इंजेक्शन दिलं होतं, ते संतापून लालबुंद झालं होतं. एक झोपेतच कुरकुरत होतं. स्नेहल दाराशी उभी राहून ऐकत होती. साधं, नेहमीचं रडणं तिने कित्येक आठवड्यांत ऐकलंच नव्हतं. जगात बाळं एकाच पद्धतीने रडतात, असं तिच्या मनाने धरलं होतं.

"खूप प्रकार आहेत," ती म्हणाली.

त्या रात्री तिने गोळी घेतली. सोबत ते आवाज थांबायला दुसरं एक औषध, थोड्या काळापुरतं. आधी झोप परतली. मग जेवण. पोटातलं रडणं आधी लांब गेलं, मग अधूनमधून आलं, मग यायचं थांबलं. तिला घरी पाठवायचं धाडस मी केलं नाही. ती आणि सुमतीकाकी हॉस्पिटलजवळच नातेवाइकांकडे राहिल्या, आणि गोळी काकींच्या हातून, काकींच्या डोळ्यांसमोर.

दिवस भरले. मुलगी झाली. व्यवस्थित रडली, गुलाबी होती. महेशने सगळ्यांना पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओपीडीत होते आणि निखिलचा फोन आला. "या जरा. बाळाला सुरू झालंय. मला बाळाची काळजी नाही. आईचं बघा."

मी जिन्याने वर गेले आणि कॉरिडॉरमध्येच थबकले. तो आवाज. बारीक, वर चढत जाणारा, वर जाऊन थरथरणारा. देवबागच्या माडाखाली ऐकलेला. माझ्या पर्समध्ये पडून राहिलेला. भर दुपारी, उजेडात, सिस्टरांची ये-जा चालू असताना, तो खोलीच्या दारातून येत होता.

महेश भिंतीला पाठ लावून उभा होता, तोंड पांढरंफटक. सुमतीकाकी बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. नर्स मला म्हणाली, "भूक लागलीय तिला, एवढं काय घाबरलेत हे लोक?" तिला कसं सांगणार? ते रडणं त्या घरातल्या प्रत्येकाच्या ओळखीचं होतं.

मी दार उघडलं. मला वाटलं होतं, स्नेहल कोपऱ्यात तरी असेल, नाही तर खिडकीशी तरी.

ती खाटेवर बसली होती. गाऊनची बटणं उघडी, बाळ उघड्या छातीवर उपडं, वरून दोघींवर चादर. बाळाची हनुवटी कापत होती. स्नेहल तिच्या पाठीवर सावकाश हात फिरवत होती. आवाज चढला, थरथरला आणि तुटला. मग तुटल्यावर पुन्हा चढला नाही. नुसती कुरकुर झाली.

"मॅडम," ती दबक्या आवाजात म्हणाली, "तसंच आहे. मला लगेच कळलं. सिस्टरच्या आधी. पण ही थांबतेय. घेतल्यावर थांबतेय." थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्या व्हिडिओतल्या बाळाला कोणी घेतलंच नव्हतं हो. इतक्या वेळा बघितला, आत्ता लक्षात आलं."

मी खुर्ची ओढून बसले.

निखिलनी करायचं ते सगळं केलं. थरथर म्हटली की फक्त औषधाला जबाबदार धरून चालत नाही. रक्तातली साखर कमी असली तरी बाळ थरथरतं, कॅल्शियम कमी असलं तरी, इन्फेक्शन असलं तरी. सगळं तपासलं, सगळं ठीक होतं. बाळाच्या पायाला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर लावून ठेवला. बाकी उपचार म्हणजे मंद उजेड, कमी आवाज, थोडं थोडं दूध आणि आईची छाती. कसलंही इंजेक्शन लागलं नाही. गोळी चालू असतानाच अंगावर पाजलं. या औषधाचा दुधात फार थोडा अंश उतरतो. काही दिवसांत थरथर कमी होत गेली, मग फक्त कपडे बदलताना दिसायची, मग तीही नाही.

डिस्चार्जच्या दिवशी सुमतीकाकी माझ्या केबिनमध्ये एकट्या आल्या. बसल्या नाहीत.

"बाई, मी आयकलंय तां सगळा फोनातलाच मा?"

"हो, काकी."

"सुनेन तां कधी लावल्यान पयल्यांदा?"

"पाचव्या-सहाव्या महिन्यात."

त्यांनी मान हलवली. "माका त्याच्या आधीपासून आयकाक येय होता," त्या म्हणाल्या आणि पदर सावरून निघून गेल्या.

मी त्यांना दोन वेळा निरोप पाठवला, बोलायला या म्हणून. त्या आल्या नाहीत. नातीला घेऊन असतात, ठणठणीत आहेत, असं महेश सांगतो. मीही जास्त ताणून धरलेलं नाही. काही प्रश्नांना माझ्याकडे डोस नाही.

मुलगी आता चालते. वाळू खाते. तिच्यात काही कमीजास्त नाही, निखिल ठरावीक काळाने बघतात. स्नेहलची गोळी बरेच महिने चालू राहिली, मग आम्ही ती हळूहळू, टप्प्याटप्प्याने कमी केली. एकदम बंद नाही. मधे एकदा तिने त्या ग्रुपवर आपला अनुभव लिहिला. कोणीतरी खाली विचारलं, व्हिडिओ आहे का?

मी त्यातून घेतलं ते एवढंच. पेशंटने मान डोलावली म्हणजे तिला कळलं, असं नसतं. आणि पाकीट रिकामं म्हणजे गोळी पोटात, असंही नसतं. गरोदर पेशंट आली की मी आता "गोळी घेताय ना?" असं विचारत नाही. "कधी बंद केलीत?" असं विचारते. बऱ्याच जणी खाली बघतात. मग आम्ही तिथून सुरुवात करतो.